जुन्या मोटारीची दुखणी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी नवी मुंबई वसली आहे. १९७० साली सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि मिठागरे, भातखाचरे व कोळीवाडे असलेल्या या किनारपट्टीवर वाशी, नेरूळ, बेलापूर अशा वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या. खाडी ओलांडून लोहमार्ग वाशीस पोहोचला तो १९९२ साली. रस्ते मात्र प्रथमपासूनच रुंद होते, आणि अंतरेही लांब होती. त्यामुळे येथील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी पैशास पैसा जोडून मोटार घेतली. त्यांपैकी कित्येक मोटारी आजही इमारतींच्या आवारात झाडाखाली उभ्या दिसतात. मुले मोठी झाली, घरातील माणसे वयस्क झाली, तशी मोटारही म्हातारी झाली. तरी ती विकावी असे कोणास वाटत नाही.

परंतु येथील हवा मोटारीच्या म्हातारपणास मुळीच मानवणारी नाही. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतानाही खाडीवरून येणारा वारा दमट व खारा असतो. ओलावा आणि मीठ यांची गाठ पडली की लोखंड झपाट्याने गंजते, तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढतो आणि रबर मऊ राहण्याऐवजी चिरते. पुण्याच्या कोरड्या हवेत वीस वर्षांत जी झीज व्हावी, ती येथे पुष्कळ आधी होते.

अशा जुन्या मोटारींत दोन नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिले प्रीमियर पद्मिनीचे. इटलीतील फियाट कंपनीच्या नमुन्यावर ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईची टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. दुसरे नाव मारुती ८०० चे. ही लहानशी मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभापर्यंत बनत राहिली. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरांचे, मारुतीचे तिनांचे. पद्मिनीची मागची चाके फिरत, मारुतीची पुढची. तथापि दोघींचा एक गुण समान आहे. झाकण उघडले की इंजिनाचे बहुतेक अवयव डोळ्यांस दिसतात आणि हातास लागतात. म्हणून मोटारीची परीक्षा कशी करावी हे शिकावयाचे असेल, तर या जुन्या मोटारींसारखे साधन नाही.

मोटार बिघडली म्हणजे जे दिसते ते लक्षण असते. बिघाड त्याच्या मागे दडलेला असतो. इंजिन तापणे हे लक्षण आहे. पंख्याचा पट्टा सैल होणे, रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजणे, पाण्याचा पंप झिजणे, ही त्याची निरनिराळी कारणे होत. लक्षण एक आणि कारणे अनेक, अशी स्थिती असल्यामुळे घाईने सुटे भाग बदलणारा मनुष्य बहुधा फसतो. मोटार सुरू होत नाही म्हणून तो नवी बॅटरी आणतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बंद पडते, कारण दोष बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या यंत्राचा असतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. यात हजारो रुपये जातात ते वेगळेच. मूळ दोष जागच्या जागी राहतो, ही खरी हानी होय.

जाणता मेकॅनिक हत्याराला हात घालण्यापूर्वी प्रश्न विचारतो. बिघाड सकाळी थंड इंजिनात दिसतो की दहा किलोमीटर धावल्यावर? मोटार उभी असताना की वेगात? चढणीवर की उतारावर? पावसात की उन्हातही? यांपैकी प्रत्येक उत्तराने कारणांची यादी निम्मी होते. घरच्या माणसांसही एक सोपा उपाय करता येतो. रात्री मोटारीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवावी आणि सकाळी त्यांवरचे डाग पाहावे. काळा, चिकट डाग इंजिनातील तेलाचा असतो. हिरवट किंवा तांबूस पाणी रेडिएटरचे असते. वातानुकूलन यंत्र चालवले असेल, तर त्याखाली साचलेले स्वच्छ पाणी केवळ हवेतील दवाचे असते. त्याची चिंता करू नये. मात्र चाकाच्या आतील बाजूस पातळ, फिकट पिवळसर आणि बोटांस बुळबुळीत लागणारा डाग आढळला, तर मोटार जागची हलवू नये. ते ब्रेकचे तेल असते.

सर्वांत नित्याची तक्रार म्हणजे सकाळी मोटार सुरू न होणे. इंजिनास पहिली गती देणारी जी विजेची मोटार असते तिला बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात. किल्ली फिरवताना पुढचे दिवे लावून ठेवावे आणि त्यांच्याकडे पाहावे. दिवे एकदम मंद झाले आणि नुसता ‘कट्‌-कट्‌’ असा आवाज आला, तर विजेचा पुरवठा अपुरा आहे. दिवे प्रखर राहिले आणि एकच ठोका ऐकू आला, तर पुरवठा ठीक असून दोष सेल्फमध्ये आहे. दिवेही प्रखर आणि आवाजही नाही, असे असेल तर किल्लीपासून सेल्फपर्यंतची तार तपासावयाची. दिव्यांच्या या एका परीक्षेने निम्मे काम होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

पुरवठा अपुरा आहे एवढे कळल्यावरही बॅटरीस दोष देण्याची घाई करू नये. बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. चढला नाही, तर बॅटरी भरणारा डायनॅमो किंवा ऑल्टरनेटर काम करीत नाही, अथवा त्याचा पट्टा घसरतो आहे. दोन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ फिरत नसेल, तर दृष्टी जोडांकडे वळवावी. दमट हवेत बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर भुकटी साचते आणि विजेची वाट अडवते. ऋण टोकाची तार प्रथम सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ही टोके धुतली, पुसून घट्ट केली आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला, की ‘मेलेली’ बॅटरी पुष्कळदा जिवंत होते.

याच जातीचा एक चमत्कारिक दोष जुन्या मोटारींत आढळतो. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून इंजिन व मोटारीचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक जाड पट्टी असते. ती गंजून तुटली, तर परतीच्या विजेस वाट उरत नाही. मग ती चोक किंवा क्लचच्या पोलादी केबलीतून वाट काढते. सेल्फ फिरवल्यावर चोकची केबल हातास गरम लागली, किंवा तिच्यातून धूर आला, तर दुसरीकडे शोध घेण्याचे कारणच नाही. केबलीचा आणि सेल्फचा काय संबंध, असे म्हणून ज्याने ही खूण दुर्लक्षिली, त्याने नवी बॅटरी, नवा सेल्फ आणि शेवटी नवी केबलही विकत घेतली असे समजावे.

आता इंजिन तापण्याच्या दुखण्याकडे वळू. वाशीच्या घाऊक बाजारामुळे व आसपासच्या कारखान्यांमुळे नवी मुंबईत घाटावरची, विशेषतः सातारा व पुणे या जिल्ह्यांतील, पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली. सणावारी त्यांची मोटार गावाकडे निघते आणि खोपोली सोडली की बोरघाटात सुमारे पाचशे मीटरांची चढण लागते. जुन्या मोटारीची खरी परीक्षा येथे होते.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची जी उष्णता कामी येत नाही, तिचा बराच भाग पाणी वाहून नेते. हे पाणी पंपाने इंजिनाभोवती फिरते, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथे वाऱ्याने थंड होते आणि खालच्या नळीने परत जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापेपर्यंत ती मिटलेली राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते. नंतर ती उघडते. रेडिएटरचे झाकण घट्ट असल्यामुळे आतील पाणी दाबाखाली असते आणि १०० अंशांवर न उकळता त्याहून पंधरा-वीस अंश अधिक तापमान सहन करते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. उघडताच दाब नाहीसा होतो, आतील पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि तोंड व हात भाजून निघतात. घाटात अशी दुर्घटना घडते ती बहुधा मदतीस धावून आलेल्या उत्साही माणसाच्या हातून! इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे. वरची नळी हातात धरवेल इतकी निवाली म्हणजे झाकणावर जाड फडके टाकून ते हळूहळू फिरवावे.

इंजिन कशाने तापले हे ओळखण्यास ते केव्हा तापले हे पाहावे. मोटार सायन-पनवेल मार्गावरील गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि ती वेगाने धावू लागली की उतरतो, तर दोष वाऱ्याचा आहे. उभ्या मोटारीस वारा देणारा पंखा फिरत नाही किंवा मंद फिरतो. पद्मिनीसारख्या मोटारीत पंखा पट्ट्याने फिरतो, तेथे पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा; सेंटिमीटरभराहून फार अधिक दबला तर तो सैल झाला आहे. मारुतीसारख्या मोटारीत पंखा विजेवर चालतो, तेथे तार आणि उष्णतेने चालू होणारी कळ तपासावी. याउलट उभ्या मोटारीत काटा स्थिर राहतो पण वेगात किंवा चढणीवर चढतो, तर वाऱ्याची उणीव नाही. पाणीच पुरेसे फिरत नाही. वर्षानुवर्षे साधे, क्षारयुक्त पाणी ओतल्याने रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजलेल्या असतात. आणि सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच काटा तांबड्या रेषेस भिडला, पण रेडिएटरकडे येणारी वरची नळी गारच असेल, तर थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला आहे.

थर्मोस्टॅटची शंका स्वयंपाकघरात फेडता येते. तो काढून पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगावा आणि पाणी तापवावे. उकळी येण्यापूर्वीच झडप उघडली पाहिजे आणि पाणी निवताना पुन्हा मिटली पाहिजे. अनेक गॅरेजांत एक वाईट चाल रूढ आहे. थर्मोस्टॅटवर संशय आला की तो काढून फेकून द्यावयाचा आणि जागा रिकामी ठेवावयाची. ‘आपल्याकडे थंडी कुठे आहे?’ असे त्याचे समर्थन केले जाते. परंतु त्यामुळे इंजिन योग्य तापमानास पोहोचण्यास फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते आणि थंड सिलिंडरांच्या भिंती लवकर झिजतात. शिवाय रेडिएटर बुजल्याचे खरे दुखणे झाकले जाते ते वेगळेच.

पाणी सारखे कमी होते पण वर्तमानपत्रावर डाग पडत नाही, असे असेल तर गोष्ट गंभीर होय. इंजिनाचे धड आणि डोके यांमध्ये हेड गॅस्केट नावाचा पातळ पदर असतो. इंजिन एकदा अतिशय तापले की तो जळतो आणि पाण्यास सिलिंडरात वाट मिळते. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो, थंड इंजिनाचे झाकण उघडून ते सुरू केल्यास रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात आणि कधी तेल मोजण्याच्या सळईवर दुधाळ फेस दिसतो. यांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या, तर पाणी ओतीत ओतीत गाव गाठण्याचा मोह आवरला पाहिजे. शंभर किलोमीटरांच्या त्या प्रवासात पूर्ण इंजिन गमावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

उन्हाळ्यात घाटमाथ्यावर जुनी मोटार अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. या प्रकाराने नवखा चालक गोंधळून जातो. कार्ब्युरेटरच्या मोटारींत पेट्रोलचा पंप बहुधा इंजिनासच लागून असतो. इंजिनाच्या धगीने नळीतील पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपास वाफ ढकलता येत नाही. पद्मिनीचे जुने चालक अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवीत असत. हा तोडगा शास्त्रास धरून आहे. फडक्यातील पाणी वाफ होताना पंपाची उष्णता घेते आणि नळीतील वाफ पुन्हा द्रव होते. मात्र गार झाल्यावरही मोटार अडखळत असेल, तर पंपाचा पडदा किंवा गाळणी पाहिली पाहिजे. २०२५ साली देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुन्या मोटारींच्या नळ्या व पडदे अशा मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल त्यांतील रबर फुगवते किंवा ठिसूळ करते आणि हवेतील ओलावाही शोषते. म्हणून मोटारीत पेट्रोलचा वास येऊ लागला, तर तो जुनेपणाचा गंध समजून सोडून देऊ नये. इंजिन बंद करून नळी शोधावी. तापलेल्या सायलेन्सरवर पडलेले चार थेंबही मोटार पेटवण्यास पुरेसे होतात.

इंजिन धक्के देत चालते तेव्हा ‘मिसिंग होते’ असे म्हणतात. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही, किंवा पडूनही मिश्रण पेटत नाही, असा त्याचा अर्थ. पद्मिनीसारख्या मोटारीत मेकॅनिक चालत्या इंजिनावर, कोरडा रबरी हातमोजा घालून, प्लगांच्या तारा एकेक करून सोडवतो व लगेच परत लावतो. निरोगी सिलिंडराची तार सुटताच इंजिन आणखी लंगडते. जो सिलिंडर आधीच काम करीत नाही त्याची तार काढल्याने काहीच फरक पडत नाही. अशा रीतीने रोगी सापडला. आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात आणि शेजारचा त्याच्यात बसवावयाचा. मिसिंग प्लगाबरोबर शेजारी गेले, तर प्लग वाईट. जागेवरच राहिले, तर प्लग निर्दोष असून तार किंवा सिलिंडर तपासावयाचा. एका वेळी एकच बदल करावा हा येथील नियम आहे. प्लग, तार आणि पॉइंट असे तिन्ही एकदम बदलले, तर मोटार कदाचित दुरुस्त होईलही, पण कशाने झाली हे कोणास कळणार नाही. संगणकावर चालणाऱ्या पुढील काळच्या मोटारींत मात्र तारा अशा काढू नयेत. त्याने महाग उपकरणे जळतात. पावसाळ्यात ठिणगीची वीज ओल्या वा चिरलेल्या तारेतून बाहेर पळते. रात्री अंधारात झाकण उघडून चालत्या इंजिनाकडे पाहिले, तर या पळणाऱ्या ठिणग्या निळसर काजव्यांसारख्या दिसतात.

धुराच्या रंगावरूनही पुष्कळ कळते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अधिक. हवेची गाळणी धुळीने भरली असेल किंवा चोक ओढलेलाच राहिला असेल. पावसाळी सकाळी क्षणभर दिसून विरणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते. निळा धूर मात्र जळणाऱ्या तेलाचा. रात्रभर उभी असलेली मोटार सुरू करताना निळा धूर येऊन थांबला, तर व्हाल्व्हांची रबरी सिले झिजली आहेत. जोर देताना सतत येत राहिला, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून खात्री करून घ्यावी. प्लग काढून सिलिंडरातील दाब मोजतात. तो कमी भरला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजतात. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढल्यास तो व्हाल्व्हांचा किंवा गॅस्केटचा. चमचाभर तेलाने इंजिन न उघडता त्याच्या पोटातील गोष्ट समजते!

अलीकडच्या मोटारींत हे काम संगणक करतो असा समज आहे. त्यांना स्कॅनर जोडला की पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो. तो कोणत्या विभागात गडबड आहे एवढेच सांगतो. ‘मिश्रणात हवा अधिक’ असा संकेत आला, तर तो चिरलेल्या नळीमुळे असेल, थकलेल्या पेट्रोलपंपामुळे असेल किंवा मोजणाऱ्या उपकरणाच्याच दोषामुळे असेल. यंत्र लक्षणाचे नाव अधिक नेमके सांगते, एवढाच फरक.

चाकांविषयी थोडक्यात सांगता येईल. टायर मधोमध झिजला तर हवा अधिक, दोन्ही कडांस झिजला तर कमी, एकाच कडेस झिजला तर चाकांचा कोन बिघडलेला. म्हाताऱ्या मोटारी फार धावत नाहीत. त्यामुळे त्यांच्या टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या कोरलेली असते. ती २३१९ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे.

राहता राहिले ब्रेक. मोटार सुरू झाली नाही तर माणसे घरी राहतात. ब्रेक लागला नाही तर काय होते हे सांगावयास नको. ब्रेकची भाषा पायास कळते. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते, तर मास्टर सिलिंडरातील रबर झिजले आहे. पेडल एकदम कठीण झाले, तर ज्या मोटारीत पायास मदत करणारे निर्वाताचे यंत्र असते, तेथे ते निकामी झाले आहे. ब्रेक लावताच मोटार एका बाजूस ओढते, तर दुसऱ्या बाजूचे चाक आपले काम करीत नाही. बहुधा तेल झिरपून त्याचे लायनर भिजले आहे. प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा फार गरम लागले, तर तेथे ब्रेक अडकून राहतो आहे. कोकणात पावसाळ्यात पुष्कळ जण मोटार उभी करताना हातब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवतात आणि चाकास वीट लावतात, कारण ओढून ठेवलेले ब्रेक चार दिवसांत गंजून ड्रमास चिकटतात.

परंतु ब्रेकचा एक दोष असा आहे की जो ना डाग पाडतो, ना आवाज करतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नवे, कोरडे ‘डॉट-३’ प्रतीचे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास उतरते. खाडीकाठच्या दमट हवेत चार-पाच वर्षे न बदललेल्या तेलाची ही स्थिती होऊ शकते. शहरातील रोजच्या वापरात याचा काहीच पत्ता लागत नाही, कारण तेथे ब्रेक इतके तापतच नाहीत.

मग एके दिवशी ती मोटार गावाहून परत निघते आणि बोरघाट उतरू लागते. माणसे व सामान धरून हजार किलोग्रॅम वजनाची मोटार पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा कोठेतरी जावी लागते. एवढ्या उष्णतेने पंधरा लिटर गार पाणी उकळीस आणता येईल. चालक खालच्या गिअरमध्ये असेल, तर तिचा मोठा भाग इंजिन आणि वारा सोसतात. पेट्रोल वाचवण्याच्या समजुतीने त्याने गिअर काढून ठेवला असेल, तर जवळजवळ सर्व भार ब्रेकांवर पडतो. ड्रम तापतात, त्यांच्या आतील तेल तापते, त्यातील पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. वळणावर चालक पेडलावर पाय ठेवतो आणि ते विरोध न करता थेट तळाशी जाते. अशा वेळी त्याच्या हाती दोनच साधने उरतात. एकेक गिअर खाली आणावयाचा आणि हातब्रेक थोडा थोडा ओढावयाचा. जुन्या मोटारींत हातब्रेक केबलीने चालतो, त्याचा तेलाशी संबंध नसतो.

या दोषाचे वैशिष्ट्य असे की तो आपली खूण मागे ठेवीत नाही. मोटार कशीबशी रस्त्याच्या कडेस थांबली आणि तासभर निवली, की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल पूर्वीसारखे कठीण लागते. खोपोलीच्या गॅरेजात मेकॅनिक पाय ठेवून पाहतो, चारही चाके तपासतो, आणि सर्व ठीक आहे असे सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याच्यासमोर लक्षणच उरलेले नसते. येथे परीक्षा करावयाची ती पेडलाची नव्हे, हकिकतीची. घाट उतरताना गिअर कोणता होता, पेडल कितव्या वळणावर मऊ झाले, थांबल्यावर किती वेळाने सुधारले, आणि तेल शेवटी कोणत्या वर्षी बदलले, हे विचारले की उत्तर आपोआप पुढे येते. तेलाच्या बाटलीचे झाकण उघडून पाहिल्यास आत बहुधा चहासारखा गडद रंग आढळतो.

हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असा सर्वसाधारण नियम आहे. कामास दोन माणसे लागतात. एक जण आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी बसून तेथील लहानसा निपल सैल करतो. जुने तेल पारदर्शक नळीने बाटलीत उतरते, निपल आवळला जातो, आणि मगच आतल्याने पाय उचलावयाचा असतो. हा क्रम चुकला तर नळीत हवा शिरते. सामान्यतः मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करतात. नळीतून येणारे तेल प्रथम काळपट असते, नंतर त्यात बुडबुडे दिसतात, आणि काही वेळाने मधासारखे स्वच्छ तेल अखंड वाहू लागते. चारही चाके झाली की आत बसलेल्या माणसास ते सांगावे लागत नाही. पेडल त्याच्या पायाखाली निम्म्या वाटेवरच घट्ट थांबलेले असते.